हिरवी रेघ

"काल चार हजार दोनशे पावलं! शाब्बास, आई," मुकुल फोनवरून म्हणाला.

सुमतीबाईंचा पाय स्टुलावर होता. "हो रे," त्या म्हणाल्या आणि फोन लेकीपुढे धरला. आसावरी डबा भरत होती. तिला शाळेत शिकवायला जायला उशीर होत होता.

"आणि प्रेशर चाळीस. दिवसभर चाळीस. ताई, तू म्हणायचीस ना, आई पट्टी ठेवणारच नाही पायावर? डिसिप्लिन लागतं, बाकी काही नाही."

सुमतीबाईंच्या घोट्यावरची जखम दीड वर्ष भरत नव्हती. शिरांना रक्त वर चढवता येईनासं झालं की अशी जखम होते आणि घट्ट पट्टीने बाहेरून दाब द्यावा लागतो, एवढं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मुकुलने त्यावर यंत्र शोधून काढलं. बटणाएवढं, पट्टीखाली बसणारं. पट्टीचा दाब आणि चाललेली पावलं ते त्याच्या फोनवर पाठवायचं. दाब नीट असला की हिरवी रेघ, पट्टी सैल पडली की लाल. लाल दिसली की मुकुल फोन करायचा. पहिल्या आठवड्यात त्याने अकरा वेळा केला. आई रडायची, तो समजावायचा, मोठ्या आवाजात. मग रेघ हिरवी झाली ती कायमची.

मुकुल घोडबंदरला राहायचा, सव्विसाव्या मजल्यावर. डोंबिवलीला आईकडे यायचं तर शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्येच दोन तास जातात, हे तो इतक्या कळवळून सांगायचा की ऐकणाऱ्याला पेशंट तोच वाटावा. तीन महिन्यांत तो एकदा आला. आईच्या पायाकडे त्याने पाहिलं नाही. जखमा त्याला बघवत नसत. फोनमधला पाय मात्र तो रोज बघायचा. ऑफिसात दाखवायचा, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायचा. खाली हात जोडलेली चित्रं यायची. 'असा मुलगा सगळ्यांना मिळो' असंही कुणी लिहायचं. आसावरी ते सगळं वाचायची, एकही न वगळता. चाळिशी उलटलेला, दोन पदव्यांचा माणूस एका आकड्याला आई म्हणत होता.

"बरं, शुक्रवारची डॉक्टरांची अपॉइंटमेंट मी कॅन्सल केलीये," मुकुल म्हणाला. "इतकं छान चाललंय. उगाच त्या ट्रॅफिकमधून तिला ठाण्याला आणायचं कशाला?"

सुमतीबाईंनी लेकीकडे पाहिलं. पाय पहाटेपासून ठणकत होता. घोट्याभोवतीची लाली वर सरकली होती. मलम लावताना आसावरीने ती पाहिली होती.

"ठीक आहे," आसावरी म्हणाली. "तुला जास्त कळतं."

आवाज गोड होता. मुकुलला तो गोडच वाटला.

दुसऱ्या दिवशी ताप चढला. जखमेतले जंतू रक्तात उतरले होते. चौथ्या दिवशी सुमतीबाई गेल्या.

"पट्टी नियमित होती?" हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी विचारलं. मुकुलने तीन महिन्यांची रेघ त्यांच्यापुढे धरली. डॉक्टरांनी ती पाहिली. "मग तुमच्याकडून काही कमी पडलं नाही," ते म्हणाले. पुढचे बारा दिवस भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला मुकुलने हे वाक्य पाण्याच्या पेल्याबरोबर दिलं.

तेराव्याला पानं उठल्यावर तो मंदाकिनीमावशीजवळ जाऊन बसला. आईची ही धाकटी बहीण कळव्याहून आली होती. तिचेही घोटे सुजलेले होते, कातडी काळी पडू लागली होती.

"मावशी, तुझं पण आईसारखंच होत चाललंय हं. तिचं यंत्र घेऊन जा तू. रेघ मी बघेन. तुला काही करायचंच नाही."

"मला कसलं जमतंय रे. फार काचतं म्हणे ते."

"काचतं काय? आईने शेवटपर्यंत हिरवी ठेवली! थांब, दाखवतोच. ताई, ते यंत्र शोधून दे गं मावशीला."

त्याने फोन उघडला. बोट वरखाली फिरवलं आणि ते मध्येच थांबलं.

"हे काय? आजची तारीख दाखवतंय. प्रेशर चाळीस. सकाळपासून सोळाशे पावलं." त्याने फोन झटकला. "हँग झालेलं दिसतंय."

आसावरी पाट उचलत होती. हातातला पाट तिने भिंतीला टेकवून ठेवला. मावशीसमोर खाली बसली आणि सलवारचा पाय गुडघ्यापर्यंत वर घेतला. पोटरीवर पट्टी होती. घट्ट, एकसारखे वेढे.

"पहिला आठवडा सोडला तर हा माझाच पाय आहे," ती म्हणाली. "आईला सहन होत नव्हतं. तुझे फोन तर त्याहून नाही. म्हणून मी बांधली. ती गेल्यावर सोडवेना. मावशी, तू आधी डॉक्टरांना पाय दाखव. याच्या फोनला नको."

मावशीने तोंडावर पदर धरला. मुकुल पट्टीकडे बघत होता. आईच्या घरातला एक पाय तो पहिल्यांदाच इतक्या जवळून बघत होता.

"अगं, पण अपॉइंटमेंट कॅन्सल केली तेव्हा तरी सांगायचंस! तेव्हा का गप्प बसलीस?"

आसावरीने सलवार खाली ओढली.

"लाली मी त्या सकाळीच पाहिली होती," ती म्हणाली. "तोंडाशी आलं होतं माझ्या. पण तू फसत होतास ना, मुकुल, ते बघायला मला रोज आवडत होतं."