चाळीस सेकंद

टीव्हीवर टचडाऊन आधी झाला आणि मोबाईल नंतर वाजला. शंकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. असं व्हायला नको होतं.

‘टचडाऊन, बाबा,’ संघदीपच्या नंबरावरून मेसेज होता. ‘गोळी घेतली का?’

टचडाऊन म्हणजे गोलसारखंच काहीतरी; अमेरिकेतलं हे फुटबॉल शंकररावांना अजूनही निम्मंच कळत असे. पण मुलगा ज्या शहरात नोकरीला होता तिथली ही टीम, म्हणून तिच्या मॅचेस ते सात वर्षं बघत आले होते. तिकडे रविवारची रात्र, इकडे इंदुरात सोमवारची सकाळ. संघदीप घरच्या टीव्हीचा आवाज बंद करून त्या शहराचा रेडिओ लावायचा. टीमचा स्वतःचा कॉमेंटेटर होता, गावातलाच म्हातारा. टीम जिंकली की माइकवरच रडायचा म्हणे. रेडिओ सगळ्यांच्या आधी बोलतो. शंकररावांच्या टीव्हीतलं ॲप तोच खेळ चाळीस सेकंद उशिरा दाखवायचं. त्यामुळे इकडे खेळाडू अजून वाकून उभे असतानाच संघदीपचा मेसेज येऊन पडायचा. पत्नी प्रभावतीबाई हसायच्या, ‘पोरगा ज्योतिषी झाला तुमचा.’

चाळीस म्हणजे चाळीसच. पोलोग्राउंडच्या कारखान्यात छत्तीस वर्षं टाइमकीपर असलेल्या माणसाने ते घड्याळ लावून मोजले होते.

दोन वर्षांपूर्वी प्रभावतीबाई गेल्या आणि संघदीप आला नाही. रजा नाही, व्हिसाची भानगड आहे, असं काहीबाही सांगत होता. ‘तुझी आई रजा मंजूर करून मेली नाही,’ शंकरराव फोनवर म्हणाले. त्यानंतर बाप-लेक एकमेकांशी बोलले नाहीत. दोघांचा बाणा एकच, मोडेन पण वाकणार नाही. मॅचचे मेसेज तेवढे कुणीच बंद केले नाहीत. घरात बोलायला दुसरं माणूस नव्हतं. रात्रीच्या मॅचेस वर्षाला पाच-सहाच; त्या सोमवारांवर शंकरराव अख्खं वर्ष रेटत होते.

या सीझनला पोरगा निवळल्यासारखा वाटत होता. पूर्वी रेफरीला अस्सल शिव्या लिहायचा. आजोबा महूच्या छावणीत होते, शिव्याही तिथल्याच. आता शिवी नाही, थट्टा नाही. चहा झाला का, गोळी घेतली का, स्वेटर घाला. वय वाढलं की शहाणपण येतं, असं शंकररावांनी मनाशी म्हटलं होतं, आणि त्यांना बरं वाटलं होतं.

पण गेल्या मॅचपर्यंत असलेले हे चाळीस सेकंद आज कुठे गेले?

वरच्या मजल्यावर भाड्याने राहणारी निधी कचरागाडीत डबा रिकामा करून परत येत होती. त्यांनी तिला हाक मारली.

‘निधी, हे ॲप आता फास्ट झालंय का गं?’

तिने मोबाईलवर मॅचचा स्कोर काढला आणि टीव्हीसमोर उभी राहिली. मोबाईलवर तीन पॉइंट वाढले. टीव्हीवर ती किक बऱ्याच वेळाने बसली.

‘नाही काकाजी, लेटच आहे. जितना पहले था, उतनाच.’

‘तिकडे अमेरिकेतही असंच दिसत असेल?’

‘अरे नहीं, हे तर फक्त इंडियात चालतं. तिकडे खुलतच नाही. क्यों, काय झालं?’

तेवढ्यात मोबाईल वाजला. ‘तीन पॉइंट, बाबा.’ शंकररावांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं.

‘काही नाही,’ ते म्हणाले. ‘पोहे खाऊन जा.’

‘ऑफिसला उशीर होतोय काकाजी. शाम को येते.’

ती गेल्यावर शंकररावांनी हिशेब जुळवला. संघदीप रेडिओ ऐकत नव्हता. तो हेच ॲप बघत होता. म्हणजे तो भारतात होता. सून अनुश्रीचं माहेर नागपूरचं. सासुरवाडीला येऊन राहिला आणि सख्ख्या बापाला पत्ता नाही. नोकरी गेली असेल, तोंड दाखवायची लाज वाटत असेल. आधी त्यांना राग आला. मग स्वतःचीच लाज वाटली. आणि मग मुलगा फक्त एकदा समोर दिसावा, एवढंच वाटत राहिलं.

‘तिकडे बर्फ पडला का?’ त्यांनी लिहिलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची सवय जुनी. पण ते पुसून त्यांनी दुसरं लिहिलं. ‘तू इंडियात आहेस, मला कळलंय. मी रागावलेलो नाही. आईच्या वेळी मी बोललो ते चुकलं. घरी ये.’

पुढे दोन टचडाऊन झाले. मोबाईल गप्प. मॅच संपली, सुटाबुटातली माणसं हसत बोलत बसली, तरी गप्पच. दुपारी जेवण गेलं नाही. चारच्या सुमारास उत्तर आलं.

‘उद्या सकाळी, बाबा.’

शंकररावांच्या अंगात दहा माणसांचं बळ आलं. त्यांनी पलंगावरची चादर बदलली, भाजी आणली, आणि निधीसह अर्ध्या गल्लीला सांगून टाकलं की पोरगा येतोय. नोकरीचं नाव काढायचं नाही, असं स्वतःला चारदा बजावलं. आधी पोटभर खाऊ घालायचं, मग तो बोलेल तेव्हा बोलेल.

मंगळवारी साडेसातला फाटकाशी रिक्षा थांबली. शंकरराव चप्पल न घालताच धावले. रिक्षातून अनुश्री उतरली. त्यांनी आत वाकून पाहिलं. मागची सीट रिकामी होती.

‘या सीझनचे सगळे मेसेज माझेच होते, बाबा,’ ती म्हणाली, आणि छातीशी धरलेला, पांढऱ्या कापडात बांधलेला अस्थिकलश तिने त्यांच्या हातांत दिला.