हलकं लिनक्स

मामानं दिलेला जुना लॅपटॉप तव्यावानी तापायचा अन् गोगलगायीवानी चालायचा. "हा डबा पळवून दाखव, न्हाई तर दुकानात गूळ तोलाया बस," धोंडप्पानं शाळा सोडलेल्या पोराला, सिद्धारामला, बजावलं. सिद्धारामनं गेवराईहून सीडी आणून त्यात विंडोजच्या जागी हलकं लिनक्स टाकलं. डबा हरणावानी पळाया लागला, अन् वर लई गार. "जमलं की रं तुला." बापाचे दात सिद्धारामला पहिल्यांदाच दिसले.

दुसऱ्या दिवशी धोंडप्पानं भाकरीसंगं दही मागितलं.

"दही कुठलं?" त्याची बायको उमाबाई म्हणाली. "थंडीत विरजणाचं भांडं मी रोज त्या चालू लॅपटॉपवरच ठेवत व्हते. तुमच्या लेकानं त्याला गार करून ठेवलं."

धोंडप्पानं कोरड्या भाकरीकडं बघितलं. "ऊठ सिद्ध्या, गूळ तोलाया चल."