राहिलेले स्वल्पविराम

"माय वाइफ हू मेक्स चटणी इज इन धिस क्लास." फळ्यावर 'हू' घालून वाक्य लिहिल्यावर मगदूमांनी ऐटीत मागे पाहिलं. परदेशी सुनेशी बोलता यावं म्हणून नवराबायकोने साठीत इंग्रजीचा क्लास लावला होता.

"'हू मेक्स चटणी'च्या मागेपुढे स्वल्पविराम राहिले," हुक्केरी सर म्हणाले. "आता अर्थ असा, की तुम्हाला बायका पुष्कळ. त्यातली चटणी करणारी तेवढी इथे बसली आहे."

वर्ग हसला. पहिल्या बाकावरच्या सुगंधाबाई मात्र हसल्या नाहीत. "चटणी न करणारी कुठे असते?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"अगं, दोन शेपट्या काढायच्या राहिल्या फक्त."

"चाळीस वर्षं चटण्या वाटल्या, अन् तुम्हाला दोन शेपट्या जड झाल्या?"

मगदूमांनी घाईघाईने विळ्याएवढे दोन स्वल्पविराम काढले. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नवऱ्याच्या हातातला खडू घेऊन त्यांनी खाली लिहिलं, "माय हजबंड हू हेल्प्स मी इज व्हेरी गुड."

"बाई, तुमचेही स्वल्पविराम राहिले," सर म्हणाले.

"राहू देत, सर," खडूचे हात झटकत त्या म्हणाल्या. "जे मदत करतात, ते हे नव्हेत."