तीनशे वेलींतली एक

पानाच्या मागच्या बाजूला पांढरी लव धरली होती. वसुमतीने फोनवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. शंकेला जागा नव्हती. केवडाच होता तो, द्राक्षाच्या पानावर येणारा बुरशीचा रोग.

पान स्वीडनच्या दक्षिण टोकाला, डोंगरउतारावरच्या तिच्या चाचणीच्या मळ्यात होतं. वसुमती तंजावरात, वडिलांच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी बसली होती. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी ती दोन आठवड्यांची रजा घेऊन आली होती. फोटो तिचा सहकारी योहान याने आदल्या दिवशी पाठवला होता. खाली त्याने लिहिलं होतं, ‘तीनशे वेलींतली एक. बाकी सगळ्या स्वच्छ आहेत.’

तिकडे पूर्वी सफरचंदं पिकत. उन्हाळे लांबले तशी माणसं वाइनच्या द्राक्षांकडे वळली. पण थंडीत आणि ओलीत तग धरेल अशी वेल कुणाकडे नव्हती. शिवाय खालच्या तळ्याचं पाणी चार गावं पीत. त्यामुळे त्या उतारावर औषध फवारायला बंदी होती. वसुमतीने अकरा वर्षं रोपं तपासली. चार हजारांतून एक निवडलं. ते उणे वीस अंशांत जगलं. भिजक्या उन्हाळ्यातही त्याच्या पानावर डाग आला नाही. आता त्याची चाळीस हजार कलमं रोपवाटिकेत तयार होती आणि शेतकऱ्यांनी सफरचंदाच्या बागा तोडायला घेतल्या होत्या. गुरुवारी वाण जाहीर होणार होता. ‘फवारणीशिवाय निरोगी राहतो’ या निवेदनावर सही वसुमतीची लागत होती.

तिचे वडील श्रीनिवासराव कॉफीचा पेला घेऊन समोर येऊन बसले.

तेही रोपं निवडण्यातच म्हातारे झाले होते. त्यांची सगळी नोकरी भाताच्या संशोधन केंद्रात झाली. पस्तीस वर्षांपूर्वी त्यांनी करपा रोग न पडणारं एक भात काढलं. गावोगावचे लोक त्याला ‘रायर नेल्लु’ म्हणत, रावांचं भात. चौथ्या वर्षी तेही करपलं. रोगाचीच नवी जात आली, असं श्रीनिवासराव सांगत. लोकांना ते पटलं होतं. परवाच तिरुवैयारूहून एक शेतकरी केळीचा घड घेऊन आला आणि त्यांच्या पाया पडून गेला. वसुमती ही गोष्ट ऐकतच मोठी झाली होती. ती या विषयाकडे वळली, तीही त्या गोष्टीमुळेच.

तिने फोन त्यांच्या पुढे सरकवला.

“अप्पा, हे बघा. एकाच वेलीवर आहे.”

एका वेलीने काही बिघडत नाही, एवढंच तिला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

श्रीनिवासरावांनी सवयीने खिशातलं भिंग काढलं, फोनवर धरलं आणि परत ठेवून दिलं.

“ही वेल कडेला आहे का मध्ये?” त्यांनी विचारलं.

“मध्ये.”

“म्हणजे बाहेरून उडून आलं, असंही म्हणता यायचं नाही.”

“एखादीच वेल कमजोर असेल की, अप्पा.”

“मीही असंच म्हटलं होतं.”

वसुमतीला कळेना. “कधी?”

“मार्गळी महिना होता, थंडीचा. पहाटेचं दव पडत होतं. दुसऱ्या दिवशी कमिटी भात बघायला यायची होती. मी एकटाच बांधावरून चालत होतो. प्लॉटच्या मध्ये रोपांच्या एका चुडाच्या पानांवर डाग दिसले. करप्याचेच. मला डाग ओळखू येत नाहीत, असं नव्हतं.” त्यांनी पेला बाजूला ठेवला. “मी खाली उतरलो. चूड उपटला. पायाने चिखलात दाबला. कमिटीने सगळा प्लॉट बघितला. एकही डाग नाही, असं लिहून गेली.”

“पण रोगाची नवी जात आली होती ना?”

“कुठली नवी जात? ती पहिल्यापासून तिथंच होती. मी पायाखाली घातली होती, बाळ. चौथ्या वर्षी पापनाशमच्या बाजूला शेतंच्या शेतं पांढरी पडली. लोंबीत दाणा नाही. मला विचारायला लोक आले, तेव्हा मी नवी जात म्हणालो. तेव्हापासून तेच म्हणत आलो.”

“आईला माहीत होतं?”

“नाही. कुणालाच नाही.”

बाहेर मोपेड थांबली. कुणीतरी शेजारच्या दाराशी तमिळमध्ये बोललं आणि निघून गेलं. वसुमती वडिलांकडे बघत राहिली. तिला राग आला नाही. लहानपणी ज्यांचं बोट धरून ती बांधांवरून हिंडली, ते आपल्याला आजच भेटले, असं तिला वाटलं.

“मला का सांगितलंत?”

“तू फोटो दाखवलास म्हणून. नसता दाखवलास, तर बरोबर घेऊन गेलो असतो.” श्रीनिवासराव खुर्चीचा हात धरून उठले. “तुझी अकरा वर्षं आहेत त्यात, ठाऊक आहे मला. तरी सांगतो. तू सही करू नको.”

वसुमतीने योहानचा नंबर लावला. तिकडे नुकतं उजाडलं होतं. घंटी बरीच वाजली. अखेर योहानचा झोपाळलेला आवाज आला.

“योहान,” ती इंग्रजीत म्हणाली, “काल रात्री मी सही करून पाठवलेलं निवेदन खोटं आहे.”