गंधबंदी तळ

कुंपणालगतच्या तंबूंतून वाघ दिसत नाही, म्हणून हेरंबने राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यातला तळ निवडला. तिथे मोठ्यांनी अंगाचा वास घालवणारी गोळी घ्यायचीच, असा नियम.

रेवतीने गोळी घेतल्यापासून चार महिन्यांची सई तिला आई मानायलाच तयार नव्हती. दुपारपासून उपाशी, तरी छातीशी घेतलं की किंचाळायची.

सासूबाईंनी उचलताच मात्र गप्प झाली.

"आई, तुम्ही गोळी घेतली नाहीत?"

"चतुर्थी आहे. ती गोळी कशाची केलीय कोणास ठाऊक!"

"अगं, आपल्याला हाकलतील!" हेरंब वैतागला. "वाघ राहिलाय अजून!"

सासूबाईंनी सईला रेवतीकडे देऊन दोघींवर आपला पदर पांघरला. सई चुटूचुटू पिऊ लागली. बाहेर पहारेकऱ्याचं वास हुंगणारं यंत्र केकाटलं.

"हेरंब, त्याला दाराशीच थांबव," सासूबाई म्हणाल्या. "पोरीचं पोट भरलं की काढ म्हणावं आम्हा सगळ्यांना बाहेर."