ईस्टरनंतरची अंडी

"कोंबडी अंडं का देत नाही, ते मला तिच्या चालीवरनं कळतं!" रादिसाव शेजाऱ्याला छाती फुगवून सांगायचा. खुराड्यात अंडी मिळेनाशी झाली तेव्हा त्यानं निकाल दिला, "काळी म्हातारी झाली." काळीचं सूप झालं. तरी अंडी नाहीतच. मग तांबडीचं सूप झालं.

पांढरी एकटीच उरली, तेव्हा एका सकाळी त्याला त्याची बायको स्तामेन्का खुराड्यातून अंडं उचलताना दिसली. तिनं ते लाल रंगात उकडलं आणि घेऊन निघाली. तो गुपचूप मागं गेला. त्यांच्या मुलाच्या, ल्युबानच्या थडग्यावर लाल अंड्यांची रास पडली होती.

"अगं, लाल अंडी ईस्टरला करायची, आणि ईस्टर कधीच होऊन गेला!"

"हो, येशू देव तिसऱ्या दिवशी थडग्यातून उठला. आपलं पोर पहिल्यापासून उशिराच उठायचं की हो. उठवत राहायला नको?"

दुसऱ्या दिवशी रादिसावनं जन्मात पहिल्यांदा चूल पेटवली, स्वतः अंडं लाल केलं आणि तिच्यासोबत गेला. दर ईस्टरला कुणाचं आधी फुटतं ते बघायला पोराच्या अंड्यावर आपलं अंडं आपटायचा, तसं त्यानं ते थडग्याच्या दगडावर हळूच आपटलं.

अंडं कच्चंच राहिलं होतं. बलक ल्युबानच्या नावावरून ओघळला.