पुरातली पुस्तकं

वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात स्टेजवरून वाचनालयाचा इतिहास वाचून संपवला, तशी अनुजाताईंची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली. तिथे उखाआबा मुलाच्या शेजारी बसले होते, इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात.

तापीच्या पुरात हा हॉल बुडाला, तेव्हा डोक्यावरून पुस्तकं गच्चीवर नेणाऱ्यांपैकी आता एकटे आबाच उरले होते. इतिहासात त्यांच्यावर एक वाक्य होतं. तेवढ्यानं अनुजाताईंचं समाधान होईना. माईक घेऊन त्या खाली आल्या आणि म्हणाल्या, त्या दिवशी काय झालं ते आबांनीच सांगावं.

आबा गुडघ्यावर हात टेकून उठायलाच लागले. चेहरा फुलला होता.

त्यांच्या मुलाने, योगेंद्रने, एकदा मागे वळून पाहिलं. याच वाचनालयात अभ्यास करून तो बँकेत साहेब झाला होता, आणि यंदा वाचनालयाच्या मंडळाचा चिटणीस. मागे बँकेतली माणसं बसली होती. आबा बोलणार ते अहिराणीत, कापडाच्या लूमवर बोलायचे तसं ओरडून, आणि लोक हसू लपवायला तोंडाला रुमाल लावणार. त्याने आबांचा दंड धरून त्यांना खाली बसवलं.

"त्यांना ऐकू येत नाही," तो अनुजाताईंच्या हातातला माईक घेऊन म्हणाला. "सगळा जन्म पर्वत पाटियाच्या लूमच्या खडखडाटात गेला ना."

हॉलभर हळहळ पसरली. अनुजाताईंनी आबांना हात जोडले. आबांचे कान ठणठणीत होते. त्यांनी एकवार मुलाकडे पाहिलं आणि मग ते समोर स्टेजकडे बघत राहिले.

चहाच्या वेळी जो तो वाकून त्यांची विचारपूस करू लागला. एका बाईंनी कानाशी तोंड नेऊन विचारलं, चहात साखर चालते का? आबांनी कानामागे तळवा धरला आणि ओशाळं हसले. बाईंनी पुन्हा, आणखी मोठ्यानं विचारलं. आबांनी पुन्हा तळवा धरला. योगेंद्रच्या हातातलं खमण तसंच राहिलं.

बाहेर स्कूटरपाशी आल्यावर तो मान खाली घालून पुटपुटला, "आबा, चुकलं माझं."

फाटकाशी कमिटीची माणसं अजून गप्पा मारत उभी होती. आबा मागच्या सीटवर बसता बसता थांबले.

"जरा जोरमा बोल, भाऊ," ते म्हणाले. "माले ऐकू येस नही."